राजे लखुजी जाधवराव आणि त्यांचें घराणें

जालना आणि बुलढाणा या भागांतून ज्यांनीं प्रवास केला असेल अशा श्रोत्यांच्या लक्षांत एक गोष्ट सहज आली असेल. तेथील कांहीं गांवांच्या नांवापुढें 'राजा' हा शब्द जोडलेला आढळतो. सिंदखेड राजा, देऊळगांव राजा, किनगांव राजा, आडगांव राजा, मेहुणा राजा अशीं हीं नांवें आहेत. महाराष्ट्रांत इतरत्र गांवाच्या नांवापुढें 'बुद्रुक' किंवा 'खुर्द' लागतें. येथें मात्र 'राजा' लागतो. हा राजा कोण, त्याचें राज्य कोणतें, आणि तें राज्य नाहींसें झाल्यावरहि त्याची पदवी गांवांच्या नांवांना कां चिकटून राहिली, या प्रश्नांचें उत्तर सिंदखेडच्या जाधवराव घराण्याच्या इतिहासांत आहे.

जालन्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या उत्तर अंगाला घनसावंगीचा मुलूख लागतो. याच तालुक्यांतील जांब या गांवीं इ. स. १६०८ मध्यें समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचे वडील सूर्याजीपंत ठोसर हे जांबचे कुळकर्णी. त्यापूर्वीं दहा वर्षें, म्हणजे १५९८ मध्यें, जालन्याच्या पूर्वेस सिंदखेड येथें देशमुखांच्या घरीं एक कन्या जन्मास आली. तिचें नांव जिजाबाई. महाराष्ट्राच्या सतराव्या शतकावर ज्यांची छाप पडली अशीं हीं दोन माणसें अशा रीतीनें एकाच टापूंत, वतनदारांच्या घरांत जन्मलीं. एक घर कुळकर्ण्याचें, दुसरें देशमुखाचें. वतनाच्या शिडीवरील या दोन पायऱ्यांत अंतर पुष्कळ होतें. पण शिडी एकच होती.

ती शिडी समजून घेतल्यावांचून लखुजीराजांचें चरित्र नीट उलगडत नाहीं. कुळकर्णी हा एका गांवाचा हिशेबनीस. देशमुख हा अनेक गांवांच्या समूहाचा, म्हणजे परगण्याचा, वंशपरंपरागत अधिकारी. सारा वसूल करून सरकारांत भरणें, परगण्यांत बंदोबस्त ठेवणें आणि प्रसंगीं सैन्य घेऊन हजर होणें हीं त्याचीं कामें. त्याबद्दल वसुलाचा ठराविक हिस्सा, इनाम जमीन आणि मानपान हे त्याचे हक्क. हें वतन बापाकडून मुलाकडे जाई. सुलतान बदलला, राजवट बदलली, तरी नवा धनी बहुधा जुन्या देशमुखालाच हाताशीं धरी. कारण जमीन, कूळ आणि वहिवाट यांची माहिती त्यालाच असे.

याच्या उलट जहागीर ही नोकरीची. सरदारानें इतके घोडेस्वार बाळगावे आणि त्यांच्या खर्चासाठीं अमुक मुलुखाचा वसूल घ्यावा, असा तो करार. नोकरी सुटली कीं जहागीर सुटली. लखुजी जाधवरावांपाशीं या दोन्ही गोष्टी होत्या. सिंदखेडचें देशमुखी वतन हा त्यांचा पाया आणि निजामशाहीची लष्करी चाकरी हा त्यावरील इमला. आपण देवगिरीच्या यादवांचे वंशज आहों अशी या घराण्याची परंपरा होती. त्या परंपरेमुळें घराण्याच्या अभिमानास धार चढली होती आणि लोकांच्या तोंडीं 'राजे' ही पदवी सहज रुळली होती.

युरोपच्या इतिहासाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना अशा राजांचें नवल वाटणार नाहीं. त्याच काळांत जर्मन देशांत शेंकडों लहानमोठे राजे नांदत होते. त्यांच्यावर बादशहा होता. पण प्रत्येकाची जमीन, फौज, सोयरिकी आणि मानपान हीं स्वतंत्र होतीं. बादशहाशीं निष्ठा आणि आपल्या घराण्याचें हित यांची ओढाताण त्यांच्याहि वांट्याला आली होती. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धांत तो देश होरपळून निघाला. नेमक्या याच वर्षांत दक्षिणेंत निजामशाहीचा शेवट झाला. लखुजीराजांचें उत्तरायुष्य या पडत्या काळांत गेलें.

लखुजीराजांच्या पत्नीचें नांव म्हाळसाबाई. कांहीं ठिकाणीं तें गिरिजाबाई असेंहि येतें. दत्ताजी, अचलोजी, बहादूरजी आणि राघोजी हे त्यांचे मुलगे. जगदेवराव हे भाऊ. आणि जिजाबाई ही कन्या. या कन्येच्या विवाहाची कथा घरोघरीं सांगितली जाते. रंगपंचमीच्या उत्सवांत लहानगी जिजाबाई आणि मालोजी भोसल्यांचा मुलगा शहाजी एकमेकांवर रंग उडवीत असतां लखुजीराजे कौतुकानें 'जोडा कसा शोभतो!' असें म्हणाले, मालोजींनीं तें बोलणें भर सभेंत उचलून धरलें, आणि पुढें मोठ्या रुसव्याफुगव्यानंतर हें लग्न झालें, अशी ती कथा. बखरींतील हा प्रसंग रसाळ आहे, पण इतिहासकार त्याला पुरावा मानीत नाहींत. त्याच्या मुळाशीं असलेली वस्तुस्थिति मात्र खरी आहे. जाधवरावांचें घर जुनें आणि मातबर, भोसल्यांचें घर नुकतें वर येत असलेलें. १६०५ च्या सुमारास जुळलेली ही सोयरिक दोन सरदारांची होती आणि तिच्यांत मानापमानाचें बीज पहिल्यापासूनच होतें.

तें बीज एका हत्तीच्या निमित्तानें उगवलें. शिवाजीमहाराजांच्या दरबारचे कवि परमानंद यांनीं 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत हा प्रसंग वर्णिला आहे. निजामशहाचा दरबार आटोपून सरदार परत निघाले असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि गर्दींत माणसें तुडवूं लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याला आवरण्यासाठीं त्यावर तुटून पडले. हत्तीच्या बाजूनें भोसले मंडळी उभी राहिली. पाहतां पाहतां हत्ती बाजूला राहिला आणि दोन सोयऱ्यांच्या तरवारी एकमेकांवर उठल्या. शहाजीराजांचे चुलतबंधु संभाजी यांच्या हातून दत्ताजी पडले. पुढें निघून गेलेले लखुजीराजे ही वार्ता ऐकून माघारी वळले. पुत्रशोकानें आणि क्रोधानें बेभान झालेल्या त्या वृद्धानें जांवई समोर आला असतां त्याच्यावरहि वार करण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं. शहाजीराजे दंडावर जखमी झाले आणि संभाजी भोसले लखुजींच्या हातून मारले गेले.

एका संध्याकाळीं दोन घरांतील दोन तरुण मुलगे गेले. जिजाबाईंचा भाऊ सासरच्या माणसानें मारला आणि सासरचा दीर वडिलांनीं मारला. अशा वेळीं त्या घरांत काय बोलणें झालें असेल याची नोंद कोणत्याहि कागदांत नाहीं. सरदारांच्या नोंदी असतात, त्यांच्या मनसबीच्या असतात, हत्तींच्याहि असतात. लेकीसुनांच्या दुःखाची नोंद ठेवण्याची रीत त्या काळीं नव्हती.

यानंतर लखुजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, असें शिवभारत सांगतें. हें पक्षांतर केवळ रागाच्या भरांत झालें असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. निजामशाहीचा सर्व कारभार त्या वेळीं मलिक अंबर या हबशी वजिराच्या हातीं होता आणि मराठे सरदार आपल्या तोलानें वागावे यासाठीं तो दक्ष असे. दुसऱ्या बाजूस मोगलांना दक्षिणेंत पाय रोवण्यासाठीं या मुलुखाचे जाणकार हवे होते आणि त्यासाठीं ते सढळ हातानें मोल देत होते. शहाजहानच्या राजवटीचा इतिहास लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी सांगतो कीं, जादूराय, म्हणजे जाधवराव, त्यांचे मुलगे, नातू आणि नातलग यांच्या मनसबी मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार इतक्या होत्या. यांतील 'जात' हा आंकडा सरदाराचा दर्जा व पगार ठरवीत असे आणि 'स्वार' हा आंकडा त्यानें किती घोडेस्वार बाळगावे हें दर्शवीत असे. सबंध घराण्यावर मिळून पंधरा हजार घोडेस्वारांची जबाबदारी असणें, ही एखाद्या लहानशा राज्याची फौज झाली. 'राजे' ही पदवी पोकळ नव्हती हें या आंकड्यांवरून दिसून येतें.

१६२४ मध्यें अहमदनगरजवळ भातवडी येथें मोठी लढाई झाली. एका बाजूस मलिक अंबर आणि निजामशाही सैन्य. त्यांत शहाजीराजे होते. दुसऱ्या बाजूस मोगल आणि आदिलशाही सैन्य. त्यांत लखुजीराजे होते. मलिक अंबरानें तलाव फोडून शत्रूच्या छावणींत चिखल केला आणि लढाई जिंकली. सासरे आणि जांवई समोरासमोर उभे राहिले ते असे. आजच्या वाचकाला यांत विश्वासघाताचा वास येईल. पण त्या काळच्या सरदाराची दृष्टि निराळी होती. सुलतान आज एक, उद्यां दुसरा. वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचें. वतन टिकलें तर घर टिकेल आणि घर टिकलें तर पदरच्या हजारों माणसांची भाकर टिकेल, असा तो हिशेब होता. तो उदात्त नसेल, पण निराधारहि नव्हता. मात्र या हिशेबांत एक धोका होता. जो दोन दरबारांना हवासा वाटतो, त्याच्याविषयीं दोन्ही दरबारांना संशय वाटतो.

मलिक अंबर १६२६ मध्यें मरण पावला. त्याचा मुलगा फत्तेखान कारभारावर आला, परंतु थोड्याच काळांत तो कैदेंत पडला. निजामशहाच्या भोंवतीं हमीदखानासारख्या दरबाऱ्यांचें वजन वाढलें. या गोंधळांत लखुजीराजे पुन्हां निजामशाहीकडे परतले. ते आले तेव्हां त्यांच्या बळाचा उपयोग होता. पण ते परत मोगलांकडे जातील ही भीति निजामशहाच्या मनांतून गेली नाहीं. ज्याला लढून जिंकणें कठीण त्याला दरबारांत बोलावून धरावें, असा बेत ठरला.

२५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत लखुजीराजे मुजऱ्यासाठीं गेले. बरोबर अचलोजी आणि राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू होता. दरबाराच्या रिवाजाप्रमाणें ते थोड्या माणसांनिशीं आंत आले. दबा धरून बसलेले लोक त्यांना बांधण्यासाठीं पुढें सरसावले. बापलेकांनीं तरवारी उपसल्या आणि ते झुंजले. पण निवडक हत्यारबंदांपुढें चार माणसांचा निभाव लागला नाहीं. आजोबा, दोन पुत्र आणि नातू, अशा तीन पिढ्या एकाच चौकांत पडल्या. आणि हें घडलें कोठें? ज्या देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणून हें घराणें मिरवीत असे, त्याच देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यांत.

लखुजीराजांची पत्नी आणि उरलेलीं माणसें दौलताबादेच्या बाहेर छावणींत होतीं. वार्ता कळतांच शोकाला वेळ न देतां तीं सिंदखेडकडे निघून गेलीं. जगदेवराव आणि बहादूरजी यांनीं तेथें घराणें सांवरलें. निजामशहानें समजूत घालण्याचा यत्न केला, पण आतां तिकडे वळणार कोण? हे दोघे मोगलांकडे गेले आणि त्यांना मनसबी मिळाल्या. राजे गेले, पण सिंदखेड राहिलें. वतनाचा हिशेब इतक्या भयंकर रीतीनें खरा ठरला.

या एका कृत्यानें निजामशाहीनें स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. शहाजीराजांचें सासऱ्याशीं कितीहि वांकडें असलें, तरी जो सुलतान विश्वासानें आलेल्या सरदाराला नातवासकट मारतो त्याच्या दरबारांत आपली मान सुरक्षित नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. १६३० मध्यें तेहि मोगलांस मिळाले. त्याच सुमारास दक्षिणेंत पाऊस नाहींसा झाला आणि १६३० ते १६३२ या वर्षांत भयानक दुष्काळ पडला. फौजा आणि दुष्काळ या दोहोंच्या दळणांत गोदावरीकांठचा मुलूख सांपडला. फत्तेखान पुन्हां बाहेर आला आणि त्यानें ज्या निजामशहानें लखुजींचा घात केला त्याचाच घात केला. १६३३ मध्यें दौलताबाद मोगलांनीं घेतली. शहाजीराजांनीं परत येऊन एका लहान मुलाला गादीवर बसवून निजामशाही जगविण्याची पराकाष्ठा केली. पण १६३६ मध्यें ती कायमची बुडाली.

युरोपांत याच काळीं घडलेली एक घटना येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. वालेनश्टाइन हा बोहेमियांतील सरदार स्वतःच्या पदरचें सैन्य उभारून बादशहासाठीं लढत असे आणि त्या बळावर तो ड्यूकच्या पदास चढला होता. १६३० मध्यें बादशहानें त्याला दूर केलें आणि गरज पडतांच पुन्हां बोलावलें. पण तो शत्रूशीं संधान बांधीत आहे असा संशय आल्यावर २५ फेब्रुवारी १६३४ रोजीं एगर या गांवीं त्याचा खून करविला. त्याच्या विश्वासू अधिकाऱ्यांना त्याच रात्रीं मेजवानीस बोलावून मारण्यांत आलें. लखुजीराजांनंतर पांच वर्षांच्या आंत घडलेली ही गोष्ट. दोन खंड, दोन धर्म, दोन भाषा. पण आजार एकच. भाड्याच्या बळावर उभें राहिलेलें राज्य त्या बळाला भितें, आणि भीतीपोटीं तेंच बळ तोडून टाकतें.

दौलताबादेंत हा घात झाला तेव्हां जिजाबाई गरोदर होत्या. त्यानंतर सात महिने पुरे होण्यापूर्वींच, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. माहेरचे वडील, दोन भाऊ आणि भाचा दरबारांत मारले गेले, उरलेले भाऊबंद मोगलांकडे, पति स्वारींत, अशा स्थितींत त्या मातेनें पुत्राला वाढविलें. दुसऱ्याच्या दरबारांतील मानाची किंमत काय असते, हें तिला ग्रंथांतून शिकण्याची गरज नव्हती. महाराजांनीं पुढें वतनदारांच्या सत्तेला आळा घालण्याचें आणि सरदारांस मुलूख तोडून देण्याऐवजीं रोख पगार देण्याचें जें धोरण धरलें, त्याचीं कारणें अनेक असतील. पण आजोळच्या या इतिहासांत त्याचा एक धडा स्पष्ट लिहिलेला होता. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. तो पाहून अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, गडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें जिजाबाईंनीं देह ठेविला.

घराण्याच्या दुसऱ्या शाखांचा इतिहास तितकाच बोधप्रद आहे. परंपरेप्रमाणें अचलोजींच्या वंशांत धनाजी जाधव झाले. औरंगजेबाशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत त्यांनीं मराठ्यांचें सेनापतिपद भूषविलें आणि १७०७ मध्यें खेडच्या रणांगणावर शाहूमहाराजांचा पक्ष स्वीकारून त्यांचा मार्ग मोकळा केला. परंतु त्यांचे पुत्र चंद्रसेन यांचें बाळाजी विश्वनाथाशीं बिनसलें. ते शाहूंना सोडून गेले आणि पुढें निजामुल्मुल्काच्या पदरीं राहून भालकीची जहागीर उपभोगूं लागले. चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव १७५७ मध्यें निजामाच्या बाजूनें खुद्द सिंदखेडांतच पेशव्यांच्या सैन्याच्या वेढ्यांत सांपडले. त्यांच्या सुटकेसाठीं निजामअल्ली धांवून आला; अखेरीस पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला मराठ्यांस देऊन तह झाला. ज्या गांवीं जिजाबाई जन्मल्या, त्या गांवाला त्यांच्या पणतवाच्या पेशव्यांनीं स्थापिलेल्या सत्तेचा वेढा पडावा, हा काळाचा विचित्र खेळ होय. एकोणिसाव्या शतकांत सिंदखेड इंग्रजांच्या अमलाखालील वऱ्हाडांत गेलें, तर जालना आणि घनसावंगीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत राहिला. एका राजाचा टापू अशा रीतीनें दोन सरकारांत वांटला गेला.

येथेंहि एका जर्मन घराण्याची आठवण होते. पॅलेटिनेटचा राजा पांचवा फ्रेडरिक यानें १६१९ मध्यें बोहेमियाचा मुकुट स्वीकारला, आणि वर्षभरांतच लढाई हरून मुकुट व मुलूख दोन्ही गमावले. परमुलुखांत दिवस काढणाऱ्या त्या राजाला १६३० मध्यें, शिवजन्माच्याच वर्षीं, सोफिया नांवाची कन्या झाली. तिचा पुत्र जॉर्ज १७१४ मध्यें इंग्लंडच्या गादीवर बसला. फ्रेडरिकचा पराक्रम विसरला गेला. त्याच्या मुलीची संतति राज्य करूं लागली. लखुजीराजांच्या नांवाचेंहि तसेंच झालें. त्यांच्या पंधरा हजार स्वारांची आठवण लाहोरीच्या पानांत राहिली. त्यांची आठवण मराठी माणसाच्या मनांत राहिली ती 'जिजाऊंचे वडील' म्हणून.

सिंदखेड राजा येथें जिजाबाईंचें जन्मस्थान असलेला वाडा, मोती तलाव, काळा कोट आणि नीळकंठेश्वराचें मंदिर अजून पाहावयास मिळतें. लखुजीराजांची दगडी समाधि गांवांत उभी आहे. आणि दौलताबादेंत पडलेल्या पुत्रपौत्रांच्या स्मृतिहि तिच्या शेजारीं जतन झाल्या आहेत. २०२४ मध्यें या समाधीच्या परिसरांत पुरातत्त्व खात्यानें केलेल्या उत्खननांत शेषशायी विष्णूची प्राचीन मूर्ति सांपडली, तेव्हां या मातीचा इतिहास जाधवरावांहूनहि किती जुना आहे हें पुन्हां एकदां दिसून आलें. जिजाबाईंच्या जयंतीला, १२ जानेवारीस, तेथें दरवर्षीं लोकांची रीघ लागते. बहुतेकांचीं पावलें जन्मस्थानाकडे वळतात, आणि तें योग्यच आहे. पण परततांना चार पावलें वांकडी वाट करून समाधीपुढेंहि उभें राहावें. बळ, वतन आणि मान हीं सर्व हातीं असूनहि, ज्या सिंहासनावर आपला अधिकार नाहीं त्याच्या भरंवशावर घर उभें केलें म्हणजे काय होतें, तें हे दगड सांगतात; आणि त्या घरच्या लेकीनें त्यांतून काय घेतलें, तें रायगड सांगतो.